‘नमुना फुटलेला, पुन्हा पाठवा’

निवृत्तीच्या दिवशी माणसाला शाल मिळते, नारळ मिळतो आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं, जणू आता वेळ बघायची फार गरज पडणार आहे. मला हे सगळं मिळालं आणि वर एक रबरी शिक्का मिळाला. तो मी मागितला नव्हता. आमच्या लॅबमधल्या वैशालीने तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "काका, हा तुमीच घेऊन जा. इथे राहिला तर कुणीतरी वापरेल."

शिक्क्यावर चार शब्द आहेत. नमुना फुटलेला, पुन्हा पाठवा.

मी लॅब टेक्निशियन. ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत मला ‘रक्तवाले जाधव’ म्हणतात, कारण आमच्याच विंगमध्ये आणखी दोन जाधव आहेत, एक बँकवाले आणि एक कुत्रावाले. सगळा जन्म वाशीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला. लोकांना वाटतं की रक्त डॉक्टर तपासतात. डॉक्टर सही करतात. नळ्या आम्ही फिरवतो. आणि चुकाही बहुतेक आम्हीच करतो, म्हणून तर सहीची व्यवस्था आहे. हे वाक्य मला समजायला नोकरीतली बरीच वर्षं आणि एक हळद लागली. त्या हळदीची ही गोष्ट.

आधी फुटणं म्हणजे काय ते सांगतो. लाल टोपणाच्या नळीत रक्त घेतात, ते गोठू देतात आणि मग यंत्रात गरगर फिरवतात. जड पेशी खाली बसतात आणि वर राहतं ते सीरम. कढवलेल्या तुपावरची निवळ असते ना, त्या रंगाचं. आमच्या बहुतेक तपासण्या या निवळीवर होतात. पण लाल पेशी म्हणजे शेवटी नाजूक पिशव्या. सुई फार बारीक असली, दट्ट्या जोरात ओढला, नळी खळाखळा हलवली, की पिशव्या फुटतात आणि आतला लाल रंग निवळीत उतरतो. मग तुपाच्या जागी कोकम सरबत दिसतं. अशा नमुन्याचे आकडे भलतेच येतात. म्हणून तो टाकून द्यायचा आणि पुन्हा रक्त मागवायचं.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मला सीनियरनी सांगितलं होतं, "जांभळ्या टोपणाची नळी हलवून ठेव." हलवून म्हणजे हळूच चार-पाच वेळा उलटीसुलटी करून. मला वाटलं, जितकी जास्त मेहनत तितकं चांगलं. मी जांभळ्या, लाल, निळ्या अशा सगळ्या नळ्या दोन्ही हातांनी घुसळल्या. अख्ख्या सकाळचं रक्त फुटलं. सीनियरनी यंत्राचं झाकण उघडून बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "जाधव, आपण ताक विकत नाही."

त्या दिवसापासून मी फुटलेल्या नमुन्यांचा शत्रू झालो. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्याच्या चुका ज्या आनंदाने पकडतो, तो आनंद मी पुढे वर्षानुवर्षं घेतला. शिक्का तर हौसेने स्वतः बनवून घेतला. नळी उजेडाकडे धरायची, गुलाबी छटा दिसली की खाडकन शिक्का मारायचा. कागदावर शिक्का मारल्याचा आवाज ऐकून बाहेरचे लोक म्हणायचे, काका फॉर्मात आहेत.

जासईला आमचं एक कलेक्शन सेंटर होतं. सेंटर म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, एक पंखा आणि वैशाली. मुलगी राहायची दिघ्याला. वडील तिथल्याच कंपनीत हेल्पर, मूळ गाव जालन्याकडचं. दोन बस बदलून ती जासईला पोचायची, सकाळभर रक्त घ्यायची आणि दुपारी नळ्यांचा डबा आमच्या गाडीने वाशीला यायचा. तो रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांचा. खड्डे असे की माणूस बसला तरी फुटेल. त्यामुळे जासईचा डबा आला की माझा हात आपोआप शिक्क्याकडे जायचा. वैशालीच्या नळ्या खरं तर स्वच्छ असायच्या, पण हे मी तिला कधी सांगितलं नाही. नव्या माणसाला फार चढवू नये, असं माझं धोरण होतं.

एका सोमवारी त्या डब्यातली एक नळी लाल निघाली. पेशंट हरेश, वय सव्वीस, कंटेनर यार्डात क्रेन चालवणारा. कागदावर डॉक्टरांनी लिहिलेलं, कावीळ? मी नळी उजेडाकडे धरली. कोकम सरबत. खाडकन.

मंगळवारी त्याची नळी पुन्हा आली. पुन्हा कोकम, आदल्या दिवसापेक्षा गडद. मी शिक्का मारला आणि वैशालीला फोन केला.

"सुई बदललीस का?"

"बदलली काका. मोठी घेतली."

"दट्ट्या?"

"हळू ओढला."

"मग नळी हलवली असशील."

"नाय हलवली." जरा थांबून ती म्हणाली, "काका, त्याचे डोळे खूप पिवळे झालेत. लघवी काळ्या चहासारखी होते म्हणतोय."

"ते डॉक्टर बघतील," मी म्हणालो. "तू सुई बघ."

हे वाक्य मी आजही कधीकधी आंघोळ करताना मोठ्याने म्हणतो आणि मग नळाचं पाणी जोरात सोडतो.

बुधवारी डबा गाडीने आला नाही. डबा मांडीवर घेऊन वैशाली स्वतः आली. लॅबच्या दारात "जयभीम काका" म्हणाली, पण नेहमीसारखं हसली नाही. तिने नळ्यांचा स्टँड माझ्यासमोर ठेवला.

"फिरवा."

मी नळ्या यंत्रात लावल्या, फिरवल्या, काढल्या. बारा नळ्या. अकरा तुपासारख्या. बारावी लाल. हात सवयीने शिक्क्याकडे गेला.

"थांबा ना काका," ती म्हणाली. "एकच सुई, म्हणजे एकाच पाकिटातली. एकच हात. एकच डबा, एकच रस्ता. अकरा साफ आल्या. मग एकाच माणसाची नळी कशी फुटते? आणि तीनदा?"

शिक्का हवेत होता. तो तसाच खाली ठेवायला मला जरा वेळ लागला.

"तीनदा मीच चुकले असेन तर ठीक आहे," ती पुढे म्हणाली, "माझी नोकरी काढा. पण नसेन चुकले, तर हे रक्त माझ्या सुईत फुटलेलं नाय. ते त्याच्या अंगातच फुटतंय."

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. ते पुस्तकात आहे, मी परीक्षेत लिहिलंय, त्याला मार्कही मिळालेत. रक्त नळीत फुटलं तर नमुना टाकायचा. रक्त माणसात फुटत असेल तर तो नमुनाच सांगत असतो, अरे बाबा, बघ. दोन दिवस तो सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर शिक्के मारत होतो.

आम्ही नळी घेऊन नेने मॅडमकडे गेलो. मॅडम आमच्या पॅथॉलॉजिस्ट. बोलायला हळू, पण त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला की सगळी लॅब गप्प व्हायची. त्यांनी नळी बघितली, आधीचे माझे दोन शिक्केही बघितले. चष्मा वर गेला.

"जाधव, काच करा."

वैशालीने त्याची जांभळ्या टोपणाची नळीही आणली होती. काच म्हणजे तिच्यातल्या न गोठलेल्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मॅडमनी बघितलं आणि मला बसवलं. लाल पेशी गोल, बटणासारख्या दिसायला हव्यात. इथे कितीतरी पेशींना कडेने लचका तोडलेला होता, कुणी बिस्किटाचा घास घेऊन उरलेलं परत बशीत ठेवावं तसा.

"चावलेल्या पेशी," मॅडम म्हणाल्या. "आता हॅप्टोग्लोबिन लावा."

हे नाव ऐकून घाबरू नका. आपल्या रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं एक प्रथिन फिरत असतं. त्याचं काम घंटागाडीचं. पेशी म्हाताऱ्या होऊन फुटतात, त्यांचा लाल कचरा सांडतो, हे प्रथिन तो उचलतं आणि यकृताकडे घेऊन जातं. एरवी डेपोत भरपूर गाड्या उभ्या असतात. पण गावात एकदम कचरा साठला की सगळ्या गाड्या भरून निघून जातात आणि डेपो रिकामा दिसतो. म्हणून तपासणीत हॅप्टोग्लोबिन फार कमी आलं, तर अर्थ असा धरतात की कुठेतरी पेशी बेसुमार फुटताहेत. एकट्या आकड्यावर कोणी निकाल देत नाही. सोबत पित्ताचा आकडा, तरुण पेशींची मोजणी, लघवी, असं सगळं जुळवून बघतात. हरेशचं सगळं जुळलं. डेपोत एकही गाडी नव्हती. हिमोग्लोबिन आठवर उतरलेलं.

"याला सध्या कुठलं औषध चालू आहे?" मॅडमनी विचारलं.

मी वैशालीकडे बघितलं. वैशालीला माहीत होतं, कारण तिने पेशंटला विचारलं होतं. मी फक्त सुईला विचारलं होतं. हरेशला आठवड्यापूर्वी मलेरिया झाला होता. ताप उतरला आणि तो पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या दिल्या होत्या. रास्त औषध आहे, लाखो लोक घेतात. पण काही थोड्या माणसांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचा एक रक्षक जन्मतःच कमी असतो. अशा माणसाला हे औषध दिलं की पेशी फुटायला लागतात.

आणि हरेश गुणी मुलगा. एकही गोळी चुकवत नव्हता. सोमवारी मी शिक्का मारला, त्याने एक गोळी घेतली. मंगळवारी शिक्का मारला, आणखी एक घेतली. शिक्क्यागणिक गोळी.

मॅडमनी त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या त्याच मिनिटाला बंद झाल्या आणि हरेश संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये होता. एक बाटली रक्त चढवावं लागलं. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण घरी बसवेना.

खाटेजवळ त्याची आई बसली होती. मी म्हणालो, "मी लॅबमधला."

"रगत पुना पाठवा, पुना पाठवा बोलायचं ते तुमीच काय?"

"मीच."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "माझ्या पोराची हलद हाय हो धा-बारा दिसांनी. आमच्या आलीत सगली हसतान, नवरा हलदीच्या आधीच पिवला झाला. मी त्याला कावील उतरवायला नेला. त्या बाबानं चुन्याच्या पान्यात हात धुवले, पानी पिवला झाला, बोलला उतरली. तुमी मोठ्या लॅबवाले, तुमी काय केला?"

मी काय केलं होतं? त्या बाबाने निदान पोराचे हात तरी धुतले होते.

हरेश उशीवरून म्हणाला, "आये, जाऊ दे ना. काका बघायला आयले ना." मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, "काका, हलद होईल ना माझी? प्रणालीच्या घरचे बोलतान, पोराला काय रोग हाय ते आधी कलू दे."

म्हणजे प्रश्न आता नुसत्या रक्ताचा राहिला नव्हता. आगरी गावातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, मांडव ठरलेला, माणसं बोलावलेली. आणि मुलीकडचे एका कागदासाठी थांबलेले. तो कागद आमच्याकडून जाणार होता.

आठवड्याभरात हरेश सावरला. डोळे निवळले, हिमोग्लोबिन वर सरकलं, घरी गेला. डॉक्टरांनी जी-सिक्स-पीडीची तपासणी लिहून दिली आणि आईला सांगितलं, हा रक्षक कमी निघाला तर गोळ्या कायमच्या बंद, आणि ठीक निघाला तर उरलेल्या पूर्ण कराव्या लागतील, नाहीतर मलेरिया उलटेल. उरलेल्या गोळ्या आईने साखरेच्या डब्याशेजारी जपून ठेवल्या.

तपासणी मीच केली. दोनदा केली. आकडा आला, नॉर्मल.

आता मला काय झालं ते समजून घ्या. आठवडाभर मी त्या बाईची नजर डोक्यावर घेऊन फिरत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला तरी चांगली बातमी द्यायची प्रचंड घाई होती. लॅबचा नियम असा की मॅडमची सही झाल्याशिवाय रिपोर्टमधलं एक अक्षर बाहेर सांगायचं नाही. हा नियम मी नव्या पोरांना पाठ करायला लावायचो. मॅडम जेवायला गेल्या होत्या. मी फोन उचलला.

"मावशी, वाशीवरून जाधव बोलतोय. रिपोर्ट नॉर्मल आहे. पोरगं ठणठणीत आहे."

पलीकडे मागे कोणीतरी मांडवाचे बांबू टाकत होतं. "खरा बोलता?"

"अगदी खरं."

"मंग त्या गोल्या चालू करू? हलदीच्या आधी सुरू केल्या म्हंजे निदान लवकर संपतील."

"डॉक्टर म्हणाले असतील तर करा की."

फोन ठेवला आणि मी स्वतःसाठी एक चहा मागवला. बिस्किटांसकट.

मॅडम जेवून आल्या. रिपोर्ट बघितला आणि सही न करता बाजूला ठेवला. चष्मा वर.

"जाधव, तुमच्या शाळेचा दहावीचा निकाल किती लागायचा?"

मला वाटलं, गप्पा मारताहेत. "फार नाही, मॅडम. गावची शाळा."

"समजा, परीक्षेच्या आधीच सगळी कच्ची पोरं शाळा सोडून गेली. मग निकाल किती लागेल?"

"शंभर टक्के."

"आणि त्यावरून शाळा हुशार ठरेल?"

माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

मॅडमनी समजावलं ते असं. रक्षक सगळ्यात कमी असतो तो म्हाताऱ्या पेशींत, आणि औषधाने आधी त्याच फुटतात. हरेशच्या त्या पेशी केव्हाच गेल्या होत्या. नंतर शरीराने घाईघाईने नव्या, तरुण पेशी सोडल्या, आणि तरुण पेशींत तो रक्षक जरा जास्त असतो. शिवाय चढवलेल्या बाटलीतल्या परक्या पेशी होत्याच. मी मोजल्या त्या उरलेल्या हुशारांच्या वर्गाच्या वह्या. अशा वेळी आलेलं ‘नॉर्मल’ धरायचं नसतं. तीन-चार महिने थांबायचं, सगळा वर्ग पुन्हा भरू द्यायचा आणि मग परीक्षा घ्यायची.

"तोवर त्या गोळीला हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "हे रिपोर्टवर लिहून देते. अजून कुणाला सांगितलं नाही ना?"

मी सांगितलं की सांगितलं.

मॅडमनी फक्त माझ्या स्कूटरच्या किल्लीकडे बघितलं.

फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. हरेशचा बंद. मॅडम डॉक्टरांना फोन करत होत्या आणि मी जिना उतरत होतो. वाशी ते जासई हे अंतर मी आयुष्यात कधी एवढं मोजलं नव्हतं. ट्रेलरच्या मागे ट्रेलर. एकेका खड्ड्याला मी मनात म्हणत होतो, आता चालू केली असेल, आता पाण्याचा ग्लास घेतला असेल. ज्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं नमुने फुटल्याचा ठपका ठेवला, त्याच रस्त्यावर माझं हेल्मेट आतून घामाने भिजलं होतं.

हरेशच्या दारात मांडव उभा होता. एक माणूस शिडीवर चढून झालर बांधत होता. आई सुपात तांदूळ घेऊन ओटीवर बसलेली. मी स्कूटर उभी करायची विसरलो, ती आडवी झाली.

"मावशी, गोळी दिलीत?"

"मगाशीच काढून दिली. काय झाला?"

"हरेश कुठे आहे?"

हरेश आतून आला. टॉवेल खांद्यावर, डोळे पांढरेस्वच्छ. त्याने मुठीतून गोळी काढून दाखवली. तळहाताच्या घामाने तिचा रंग जरा उतरला होता, पण अख्खी होती.

"नाय घेतली, काका."

मी ओटीच्या पायरीवरच बसलो. "का नाही घेतली?"

तो लाजला. मग आईकडे बघत म्हणाला, "तुमी बोललंव ना चांगला हाय, म्हनून नाय घेतली."

"म्हणजे?"

"तुमी दोनदा बोललंव सॅम्पल खराब, तवा त्यो खराब नवता. आता बोलतंव चांगला. मी बोललो, जरा थांबू. वैशालीताईला फोन लावला, ती बोलली मॅडमची सही बघितल्याबिगर काय घेऊ नको."

शिडीवरचा माणूस हसला. मग आई हसली. मग मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? माणसाची विश्वासार्हता त्याला वाचवते हे ऐकलं होतं. माझी नसलेली विश्वासार्हता एका पोराला वाचवून गेली होती.

मी गोळी त्याच्या हातातून घेतली, साखरेच्या डब्याशेजारची बाकीची पाकिटंही मागून घेतली, आणि आईला शाळेची गोष्ट सांगितली, कच्च्या पोरांची. तिला ती माझ्यापेक्षा लवकर समजली. बोलली, "म्हंजे जी कच्ची ती गेली, मजबूत तेवरी रायली." मग सुपातल्या तांदळात बोट फिरवत हळूच विचारलं, "ही खोट कोनाकरून आली? माझ्याकरून?"

याचं खरं उत्तर ‘बहुतेक हो’ असं आहे. आईकडून मुलाकडे येते ती. मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडण्याआधी विचार केला. म्हणालो, "मावशी, रंग, नाक, उंची सगळं जसं येतं तसं हेही येतं. कुणी देत नाही, येतं. आणि हा रोग नव्हे. काही ठरावीक औषधं आणि डांबराच्या गोळ्या यांपासून लांब राहिलं की पोरगं तुमच्या-माझ्यासारखं जगतं. पण मी सांगतोय म्हणून मानू नका. मॅडमशी बोला."

मॅडमशी दुसऱ्या दिवशी बोलायला आली ती प्रणाली. होणारी नवरी, एकटीच, उरणच्या बसने, खांद्याला पर्स आणि हातात वही. कॉलेजातली नोट्स काढावीत तशी तिने एकेक प्रश्न लिहून आणला होता. मॅडमनी अर्धा तास दिला. मुलांना होईल का, या प्रश्नावर मॅडम म्हणाल्या, बापाकडून मुलग्याला जात नाही. मुलीकडे जातं, पण मुलींना सहसा त्रास होत नाही, फक्त माहीत असलेलं बरं. प्रणालीने तेही लिहिलं. मग वही मिटली.

"म्हणजे आमच्या घरच्यांना काय सांगू?"

"काय सांगावं वाटतं?"

"सांगते, क्रेन चालवतो, गोळ्या विचारून घ्यायच्या. एवढंच." दारात थांबून ती माझ्याकडे वळली. "तुमीच ना जाधवकाका? हळदीला या. सासूबाई म्हणाल्यात, त्यांना नक्की आण, आख्खी आळी बघायची म्हणते."

मी गेलो. आळीने मला बघितलं. हरेशला हळद लागली तेव्हा तो खरोखरच्या कारणाने पिवळा होता, आणि कोणीतरी ओरडलं, "काकाला बोलवा, सॅम्पल बगायला." वैशालीने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. मी शिक्क्याच्या ऋणातून थोडा मोकळा झालो असं मला वाटलं. पण ते वाटणंही बहुधा घाईचंच होतं. ते दोन दिवस परत आलेले नाहीत. त्या पोराच्या जागी थोडा कमी ताकदीचा कोणी असता, तर मांडव उतरवावा लागला असता, हे मला रोज माहीत असतं.

लॅबमध्ये परत आल्यावर मी तो शिक्का कुलपात ठेवला. वैशालीच्या सांगण्यावरून आम्ही नवा कागद केला. त्यावर दोन चौकोन आहेत. नळीत फुटला? माणसात फुटला? दुसऱ्या चौकोनासमोर लिहिलंय, पेशंटशी बोला. आता कोणीही असला तरी खूण करण्याआधी क्षणभर थांबावंच लागतं, आणि आमच्या धंद्यात तो क्षण फार मोलाचा. वैशालीला मॅडमनी वाशीला बोलावून घेतलं. पुढे तिने रात्रीच्या कॉलेजातून डिप्लोमा केला आणि माझ्याच खुर्चीवर बसली. मी तिला शेवटी सांगितलं की तुझ्या नळ्या पहिल्यापासून स्वच्छ असायच्या. ती म्हणाली, "माहीत आहे काका. तुमचं तोंड बघूनच कळायचं."

चार महिन्यांनी हरेश तपासणीसाठी आला. सोबत प्रणाली, गळ्यात मंगळसूत्र. रक्त वैशालीने घेतलं. नळी मी फिरवली आणि उजेडाकडे धरली. तुपासारखी निवळ. त्याची ती मी बघितलेली पहिली स्वच्छ नळी.

या वेळी आकडा कमी आला. स्पष्ट कमी, शंका नको इतका. आयुष्यात एकदाच मी नापासाचा निकाल बघून टेबलावर हात मारला. आता सगळ्यांना नक्की माहीत झालं होतं की याला काय द्यायचं नाही. मलेरियाचं पुढे काय करायचं ते डॉक्टरांनी त्यांच्या नजरेखाली वेगळ्या पद्धतीने ठरवलं. तो माझा प्रांत नाही, आणि माझ्या प्रांताबाहेर जाण्याची हौस आता फिटली होती. प्रणालीने टाळायच्या औषधांची यादी लॅमिनेट करून हरेशच्या मोबाईलच्या कव्हरात घातली. एक प्रत सासूच्या साखरेच्या डब्याला चिकटवली म्हणे.

रिपोर्टचा कागद मी हरेशच्या हातात दिला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघितलं, तोंडावर हसू दाबून.

"काका, आता तरी खरा ना?"

"मला विचारू नकोस," मी म्हणालो. "सही बघ."